नोबेलचं नाव आणि २२ हजारांची फी

*मॅडम, नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. गेल्या महिन्यात एका हॉलमध्ये ‘क्वांटम ब्रेन’ क्लासचा मोफत डेमो होता. ह्यांच्या मित्रानं बोलावलं म्हणून आम्ही तिघंही गेलो. डोळ्यांवर पट्टी बांधलेला एक मुलगा घडाघडा पेपर वाचत होता. नंतर एक यंत्र दाखवलं. त्याची धातूची कांडी मिनिटभर मुठीत धरायची, की मेंदूचा रिपोर्ट छापून येतो. मुलीची ‘क्वांटम एनर्जी’ ५२ टक्के आली, माझी स्मरणशक्ती ३८ टक्के. तिथले सर म्हणाले, मेंदू क्वांटम फिजिक्सवर चालतो हे नोबेलविजेत्या पेनरोज यांनी सिद्ध केलंय, आम्ही फक्त ती शक्ती जागी करतो. फी २२ हजार. ह्यांनी ५ हजार तिथल्या तिथं भरले. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, सगळं थोतांड आहे, मेंदूत क्वांटम-बिंटम काही नसतं. हे म्हणाले, नोबेल मिळालेला माणूस काय उगंच बोलंल व्हय? तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद आहे. खरं कुणाचं? उरलेले पैसे भरायचे का? आणि माझ्या आईला शेवटी विसरण्याचा आजार होता, एमआरआय वगैरे सगळं झालं होतं. त्यामुळं त्या ३८ टक्क्यांनी माझी झोप उडाली आहे.*
*– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर*

ताई,

आधी पैशाचं सांगते, कारण त्याला मुदत असणार. उरलेले १७ हजार भरू नका. भरलेले ५ हजार परत मागता येतात, ते कसं हे पुढं लिहिलं आहे.

आता खरं कुणाचं. क्लासबद्दल तुमची मुलगी बरोबर आहे. पण ‘मेंदूत क्वांटम काही नसतं’ हे तिचं वाक्य चुकीचं आहे. तुमच्या मिस्टरांनी नोबेलचं नाव ऐकून विश्वास ठेवला, आणि ते नावही खोटं नाही. दोघांच्या हातात खऱ्याचा एकेक तुकडा आहे. म्हणून मला हा विषय जरा सविस्तर सांगायचा आहे. तुम्ही हे पत्र घरात मोठ्यानं वाचून दाखवलंत तरी चालेल.

रॉजर पेनरोज हे खरोखरच मोठे गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ. त्यांना २०२० साली नोबेल मिळालं, पण ते कृष्णविवरांवरच्या गणितासाठी. मेंदूबद्दलचे विचार त्यांनी १९८९ पासून मांडले आणि नोबेलशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला गणितातलं एखादं सत्य ‘समजतं’ तेव्हा मेंदू जे करतो, ते कुठल्याही कॉम्प्युटरच्या आकडेमोडीत बसणारं नाही. मग ते कशातून येत असेल? त्यांनी बोट ठेवलं क्वांटम जगावर, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या पातळीवर जे वेगळे नियम चालतात त्यावर. पुढं अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातले भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ त्यांना येऊन मिळाले. हॅमरॉफ यांनी जागा सुचवली: मेंदूच्या पेशींमधल्या सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या या पोकळ नळ्या साधारण २५ नॅनोमीटर जाड असतात. त्या पेशीला आकार देतात आणि पेशीच्या आतला माल इकडून तिकडं नेण्याचे रूळही त्याच असतात. मेंदूतच नाही, शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्या आहेत. या नळ्यांमध्ये क्वांटम अवस्था, म्हणजे एकाच वेळी अनेक शक्यता जिवंत असलेल्या स्थिती, टिकून राहतात आणि त्या कोसळतात, म्हणजे एकच शक्यता उरते, तेव्हा जाणिवेचा एक क्षण उमटतो, असा दोघांचा तर्क.

तर्क धाडसी आहे आणि गंभीर माणसांनी मांडलेला आहे. पण सिद्ध झालेला नाही आणि मेंदूवर काम करणाऱ्या बहुतेकांना पटलेलाही नाही.

न पटण्याचं सगळ्यात ठोस कारण २००० साली मॅक्स टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञानं आकड्यांत मांडलं. क्वांटम अवस्था फार नाजूक असते, भोवतालच्या रेणूंचे धक्के लागले की मोडते. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असताना त्या रेट्यात कुणी भोवरा फिरवला तर जे होईल, तेच. क्वांटम कॉम्प्युटर बनवणारे बरेचजण म्हणूनच आपली यंत्रं निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही त्या उणे २७३ अंशांच्या, एका अंशाच्याही शंभराव्या भागाइतकी जवळ नेऊन थंड ठेवतात. मेंदू आहे ३७ अंशांवर, पाण्यानं आणि क्षारांनी भरलेला. टेगमार्कच्या हिशेबात तिथली क्वांटम अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापुरती टिकते. मेंदूची पेशी एक संदेश सोडते त्याला मात्र सेकंदाचा हजारावा भाग लागतो. म्हणजे पेशीनं काही करायच्या कितीतरी आधीच खेळ संपलेला असतो. हॅमरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली उत्तर दिलं की टेगमार्कनं काही गोष्टी चुकीच्या धरल्या, नीट मांडणी केली तर वेळ बराच जास्त येतो. वाद तिथं मिटला नाही. पण त्यांच्या सुधारलेल्या हिशेबातही वेळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच येतो, त्याहून जास्त हवा तर आणखी गोष्टी गृहीत धराव्या लागतात.

२०२० साली इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेतून आणखी एक निष्कर्ष आला. पेनरोज म्हणतात त्या पद्धतीनं क्वांटम अवस्था गुरुत्वाकर्षणामुळं कोसळत असेल, तर त्या कोसळण्याच्या सगळ्यात साध्या गणितानुसार अगदी मंद किरणं बाहेर पडायला हवीत. ती सापडली नाहीत, आणि त्या कल्पनेचं ते सगळ्यात साधं रूप बाद झालं. उलट बाजूलाही एक नोंद आहे. २०२४ साली अमेरिकेतल्या वेल्स्ली कॉलेजच्या गटानं उंदरांना सूक्ष्मनलिका घट्ट करणारं औषध दिलं, तेव्हा भुलीच्या वायूनं त्यांची शुद्ध हरपायला मिनिटभर जास्त लागलं. भुलीचा आणि या नळ्यांचा काहीतरी संबंध असावा, इतकं त्यातून दिसतं. तो संबंध क्वांटमच आहे, हे त्यातून ठरत नाही.

मला स्वतःला जास्त ओढ वाटते ती वेगळ्याच एका विचाराची, आणि तुमच्या आईच्या एमआरआयवरून तो सांगणं सोपं जाईल. एमआरआयच्या बोगद्यात माणूस झोपतो तेव्हा यंत्र मेंदूतल्या पाण्याच्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांना एका तालात डोलवतं. हा डोल केंद्रकाच्या स्पिनमुळं जमतो, आणि स्पिन हा निखळ क्वांटम गुण आहे. यंत्राचा मोठा चुंबक द्रव हेलियमनं उणे २६९ अंशांवर ठेवलेला असतो, तोही क्वांटम नियमांमुळंच इतका जबरदस्त चालतो. आणि बघा, जिवंत, उबदार मेंदूत ती केंद्रकं आपला ताल सेकंदाच्या काही शतांश भागांपर्यंत धरून ठेवतात! इलेक्ट्रॉनच्या मानानं हा प्रचंड वेळ आहे. अणुकेंद्रक भोवतालच्या धक्काबुक्कीपासून बरंच अलिप्त असतं, म्हणून हे जमतं. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू फिशर यांनी २०१५ साली हाच धागा पकडला. मेंदूत काही क्वांटम टिकायचंच असेल तर ते केंद्रकाच्या स्पिनमध्ये टिकेल, आणि त्यासाठी सगळ्यात योग्य अणू म्हणजे फॉस्फरस, जो पेशीच्या ऊर्जेच्या प्रत्येक व्यवहारात असतोच. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या बारीक गोळ्यांमध्ये हे स्पिन सुरक्षित राहत असतील, असा त्यांचा अंदाज. पेशी त्याचा उपयोग करून घेतात हे अजून कुणी दाखवलेलं नाही. पण हा प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन तपासता येतो आणि तो चुकीचाही ठरू शकतो, म्हणून मला तो आवडतो.

आता मुलीचं वाक्य. मेंदूत क्वांटम काहीच नसतं, हे का चुकीचं?

आपण जेवतो त्यातून ऊर्जा काढण्याचं काम पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया करतात, हे तिला पाठ असेल. तिथं इलेक्ट्रॉन एका प्रथिनातून दुसऱ्यात जात जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचतो. वाटेत लोह आणि गंधकाचे बारीक टप्पे असतात, त्यांच्यात नॅनोमीटर-दीड नॅनोमीटरचं अंतर. मधला अडथळा ओलांडण्याइतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे नसते. तरी तो पलीकडं पोचतो, कारण क्वांटम नियमांप्रमाणे तो अडथळ्यातून आरपार निसटू शकतो. याला टनेलिंग म्हणतात, आणि जीवशास्त्रात हे आता सर्वमान्य आहे. मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ती रागानं बापाशी भांडत होती तेव्हाही तिच्या मेंदूत हे टनेलिंग अखंड चालू होतं.

डोळ्याचं उदाहरण याहून देखणं आहे. डोळ्यातला पडदा गर्भात मेंदूच्याच भागातून तयार होतो, म्हणून त्याला मेंदूचा बाहेर आलेला तुकडा म्हणायला हरकत नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यातली एक पेशी प्रकाशाच्या एकाच कणाला, एका फोटॉनला, प्रतिसाद देऊ शकते. १९४२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की मोजून पाच-दहा-पंधरा फोटॉन पडद्यानं टिपले तरी माणूस ‘दिसलं’ म्हणतो. फोटॉन आदळला की रेटिनल नावाचा रेणू एका बाजूला वळतो, तोही इतक्या वेगानं की मघाच्या सेकंदाच्या हजाराव्या भागात असे अब्जावधी बदल मावतील. तिथून पुढं मात्र सगळा कारभार नेहमीच्या रसायनांचा आणि विजेचा. सोडियम-पोटॅशियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, पेशीच्या पडद्यातून आत-बाहेर होतात, व्होल्टेज बदलतं, संदेश पुढं सरकतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली माकुळाच्या जाड मज्जातंतूवर काम करून याची समीकरणं लिहिली. त्या समीकरणांत क्वांटमचं पान उघडावंच लागत नाही. दाताच्या डॉक्टरांचं बधिर करणारं इंजेक्शन किंवा फिट येऊ नयेत म्हणून दिलेल्या काही गोळ्या याच सोडियमच्या वाटेवर काम करतात, आणि करतात हे रोज दिसतं.

म्हणून माझं मत सांगते. पायाशी क्वांटम आहेच, रसायनशास्त्र सगळं त्यावरच उभं आहे. विचार, स्मरण, जाणीव यांत त्याची वेगळी, खास अशी भूमिका आहे का, हा प्रश्न खुला आहे आणि आजचा पुरावा ‘बहुधा नाही’ या बाजूला झुकतो.

आता मिस्टरांना एवढंच विचारा. समजा पेनरोज पूर्ण बरोबर निघाले. उद्या सकाळी सगळ्या जगानं मान्य केलं की सूक्ष्मनलिकांत क्वांटम खेळ चालतो. तर मग तो खेळ तुमच्या मुलीच्या मेंदूत आत्ताच चालू आहे, वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या पोराच्या मेंदूतही चालू आहे, आणि गोठ्यातल्या म्हशीच्या मेंदूतही, कारण नळ्या तिच्याही पेशींत आहेत. त्यात ‘जागं’ काय करायचं? इलेक्ट्रॉनचं टनेलिंग तर एवढं जागं आहे की सायनाइडसारखं विष त्या साखळीचं शेवटचं टोक बंद करतं आणि माणूस काही मिनिटांत दगावतो. पेनरोजच्या म्हणण्यातून मार्क वाढवण्याचा कुठलाच रस्ता निघत नाही. त्या सरांनी खरं नाव घेतलं आणि त्याला २२ हजारांची पावती जोडली. फसवणूक झाली ती त्या जोडणीत. मिस्टर मूर्ख ठरत नाहीत, हे मुलीनंही समजून घ्यायला हवं. मुलीसाठी चांगलं काही मिळतंय असं वाटून बापानं खिशात हात घातला, आणि समोरच्यानं त्याचा फायदा घेतला.

पट्टी बांधून वाचण्याबद्दल. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी कधीच पूर्ण चिकटत नाही, खाली फट राहते. मुलगा पेपर कुठं धरत होता ते आठवा. छातीशी, पोटाजवळ, मान किंचित मागं टाकून? पुन्हा कुठं असा डेमो दिसला तर पेपर त्याच्या कपाळासमोर धरायला सांगा, किंवा हनुवटीखाली एक पुठ्ठा आडवा धरा. मुलावर मात्र रागावू नका, त्याला मोठ्यांनी शिकवलेलं असतं.

कांडीच्या यंत्राची परीक्षाही सोपी आहे. धातूला तळवा लागला की फार तर त्वचेतून वीज किती सहज जाते एवढं मोजता येतं, आणि ते हाताच्या घामावर ठरतं. मुठीतून मेंदूची स्मरणशक्ती कळायचा मार्गच नाही. एकाच माणसानं दोनदा कांडी धरायची, एकदा खरं वय आणि नाव सांगून, एकदा दुसरंच सांगून, आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवायचे.

अशी परीक्षा घेणं हा उर्मटपणा नव्हे. आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. त्यांनी पुण्यात फलज्योतिषाची अशीच तपासणी केली होती, नरेंद्र दाभोलकर त्यात सोबत होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, नावं झाकली, आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन विचारलं: यातली हुशार मुलाची कोणती? सत्तावीस जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. नारळीकरांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. प्रश्न असा विचारला की उत्तर कुणाच्या मोठेपणावर अवलंबून राहू नये. तुमच्या मुलीला ‘थोतांड’ म्हणण्याआधी ही पद्धत शिकता आली, तर बापाशी बोलताना तिचा आवाज आपोआप खाली येईल. तिला हा विषय खरंच आवडत असेल तर बारावीनंतर बीएस्सी फिजिक्सचा विचार मोकळेपणानं करू द्या. शिवाजी विद्यापीठात पुढंही भौतिकशास्त्र शिकता येतं, त्यासाठी घर सोडावंच लागेल असं नाही.

मार्कांचं विचाराल, तर पुस्तक मिटून आठवून लिहिणं, तोच धडा दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्यानं काढणं, आणि रात्री आठ तास झोप. या तिन्ही गोष्टींचा उपयोग प्रयोगांत वारंवार दिसलेला आहे. त्यांना पैसे पडत नाहीत म्हणून त्यांची जाहिरात होत नाही.

पाच हजारांसाठी क्लासला लेखी अर्ज द्या: प्रवेश रद्द करत आहोत, रक्कम परत करावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पावती, पत्रक, यंत्राचे रिपोर्ट आणि त्यांच्या जाहिरातीचे मोबाइलवरचे फोटो एका पाकिटात ठेवा. पंधरा दिवस वाट बघा. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, एवढ्या रकमेच्या तक्रारीला फी नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही. अर्ज मिस्टरांच्याच हातून जाऊ द्या. पैसे त्यांनी भरले आहेत, परतही त्यांनीच मागावेत. आणि अर्जाचा मजकूर मुलीला लिहायला सांगा.

राहिली तुमची झोप. ताई, तो ३८ चा आकडा कागदावरून आणि मनातून, दोन्हीकडून काढून टाका. तो तुमच्या मेंदूनं दिलेला नाही. पण आईचा आजार जवळून पाहिलेल्या लेकीची भीती यंत्राच्या आधीपासूनची असणार, तिला मी हसणार नाही. रोजच्या वापरातली नावं, वाटा, पैशाचे हिशेब चुकायला लागले असतील किंवा घरच्यांना फरक जाणवत असेल तर फिजिशियनकडे जा, सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गेलात तरी चालेल. ते आधी बी-१२ आणि थायरॉइडची रक्ततपासणी सांगतील, झोपेबद्दल आणि मनावरच्या ताणाबद्दल विचारतील. या चारही कारणांनी विसरायला होतं आणि चारहींवर उपाय आहेत. जाताना आईच्या जुन्या फाइलीतला एमआरआयचा रिपोर्ट आणि आजार कितव्या वर्षी सुरू झाला ते लिहून न्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.